शेवटचं कडवं ऐकलेला माइक

आजवर माझ्यासमोर येऊन जो तो बोलून गेला. ‘तुझं कसं चाललंय?’ असं मला कुणी विचारलं नाही. तेव्हा आता मीच तोंड उघडतो. मी एक माइक आहे. सभेत ‘हॅलो, हॅलो’ करत ज्याच्या डोक्यावर टपल्या मारतात, तो नव्हे. तो माझा लांबचा चुलतभाऊ. मी लांबट, काठीच्या टोकाला बसणारा, वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून अंगभर केसाळ टोपडं घालणारा. त्या टोपड्यामुळे निम्म्या लोकांनी मला मांजर समजून कुरवाळलं आणि गल्लोगल्लीची कुत्री माझ्यावर भुंकली.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात नखाहून पातळ पडदा बसवला, शेजारी टिचकी वाजवली आणि मला ऐकू येऊ लागलं. मग सहा वर्षं मी बातम्यांच्या चॅनेलवर नोकरी केली. तिथे लोक इतकं आणि तेच तेच बोलत, की माझे कान किटले. जुना झालो म्हणून त्यांनी मला काढून टाकलं, आणि मी एका बहीण-भावाच्या हाती आलो. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

ताई माहितीपट काढायची. तिला कुणी काढायला सांगत नसे, तरी काढायची. कुठे कुणी ढोलाला कातडं ताणतंय, कुठे नावाडी वल्ह्याच्या ठेक्यावर गातायत, कुठे एखादी आजी पूर्वीच्या पद्धतीने पाव भाजतेय, एवढं कानावर आलं की ही कॅमेरा घेऊन निघाली. धाकटा भाऊ आवाज सांभाळायचा. कानांवर सदा हेडफोन, म्हणून मित्र त्याला कानसेन म्हणत. माझी काठी त्याच्या हातात असे. तासन्‌तास हात वर धरून उभा राहायचा, पण मला कधी धक्का लागू दिला नाही.

कानसेनला एकच खोड होती. त्याला ‘स्वच्छ’ आवाज हवा असे. कुणाच्याही घरी गेला की आधी पंखा बंद, भिंतीवरचं घड्याळ बाहेर, फ्रिजचं बटण बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून तो गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायचा. घरची मंडळी भाज्यांशेजारची ती किल्ली बघून एकमेकांकडे पाहत. मीही त्याच्याच तालमीतला. भांड्याचा खणखणाट, नळाची टिपटिप हा सगळा मला कचराच वाटायचा.

अशीच एकदा आम्हाला मावशी भेटल्या.

मावशी अंगणातल्या झाडाची फळं साखरेत आटवून बरण्या भरायच्या. सगळी गल्ली त्या बरण्यांची वाट बघायची. गंमत अशी की मावशींनी कधी घड्याळ पाहिलं नाही. पातेलं चढवलं की त्या एक गाणं सुरू करत. पहिलं कडवं झाडाचं, दुसरं साखरेचं, मग एक पालुपद, ते कितीही वेळा. शेवटचं कडवं संपलं की पातेलं खाली. एक क्षण आधी नाही, एक क्षण नंतर नाही. हे गाणं त्यांच्या आजेसासूकडून आलेलं, कागदावर कधी न उतरलेलं.

आम्ही सामान लावत होतो तेव्हाच त्यांनी पातेलं चढवलं होतं. गाणं सुरू झालं. ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. कानसेनने ऐकलं. पण रेकॉर्ड केलं नाही.

“पातेल्याचा केवढा आवाज येतोय,” तो ताईला म्हणाला. “हे राहू दे. नंतर शांततेत घेऊ.”

मग शांतता करण्यात आली. शेगडी बंद, खिडकी बंद, मावशींच्या सूनबाईंना सांगून कोंबड्याही परसात हाकलल्या. मावशींना खुर्चीत बसवलं.

“म्हणा मावशी,” ताई म्हणाली.

मावशींनी पहिलं कडवं म्हटलं. दुसरं म्हटलं. पालुपद म्हटलं, पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. मग थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

“पुढचं... अगं, आत्ता तर म्हटलं होतं की मी.”

“आई, आठवेल. सावकाश,” सूनबाई म्हणाल्या.

“तुला तरी येतं का गं?”

“पहिली दोन येतात. शेवटचं तुम्ही म्हणत असता तेव्हा मी बरण्या पुसत असते हो. कधी लक्षच दिलं नाही.”

चार वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी मावशी त्याच जागी अडल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा आणखी उतरला. “डोकं गेलं माझं,” असं म्हणून त्यांनी पदराने डोळे टिपले. मला तेव्हा स्वतःची फार लाज वाटली. एवढा कान देऊन ऐकणारा मी, पण त्या बाईला गप्प मीच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पातेलं चढवावं म्हटलं, तर झाडावर फळ उरलेलं नव्हतं. आम्ही रिकाम्या हाताने परतलो.

माहितीपट शेवटच्या कडव्याशिवाय पूर्ण झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कानसेन मात्र शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. घरी आल्यावर तो कुणाशी बोलेना. एक दिवस अचानक ताईला म्हणाला, “मी गाढव आहे. फळं पातळ असतात तेव्हा बुडबुड वाजतात. आटत आली की फत्‌ फत्‌ वाजायला लागतात. तो आवाज बदलला की मावशी शेवटचं कडवं धरतात. अर्धं गाणं ते पातेलंच म्हणतं, ताई. आणि मी तेच बंद केलं!”

पण वर्ष जायचं ते गेलंच. हिवाळ्यात मावशींना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या हंगामात सूनबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला होता. “पहिली दोन पातेली चढवली. एक दगड झालं, एक पाणी. घड्याळ लावूनही जमत नाही. आई आता जेमतेम पुटपुटतात. तरी एकदा येऊन जाल का?”

आम्ही त्याच दिवशी निघालो.

मावशी निम्म्याने खंगल्या होत्या. कानसेनने त्यांची खुर्ची शेगडीला लागून ठेवली. या खेपेला त्याने काही बंद केलं नाही. पंखा, फ्रिज, कोंबड्या, सगळं चालू. सूनबाईंनी फळं ओतली. मावशींचे ओठ हलू लागले, पण आवाज इतका बारीक की मला ऐकूच येईना. कानसेनने माझं टोपडं काढलं आणि मला उघड्या अंगाने मावशींच्या तोंडाशी नेलं. पातेल्याच्या वाफेत.

आता माझं एक सांगतो. पाऊस, धूळ मी सोसतो. वाफ मला सोसत नाही. माझा तो पातळ पडदा वाफेने मरतो. माझ्या कानात कडकड सुरू झाली. ती कानसेनच्या हेडफोनमध्येही पोचली.

“ताई, माइक जातोय.”

“तू ठरव,” ताई म्हणाली.

त्याने मला मागे घेतलं नाही. मला मनापासून सांगावंसं वाटत होतं, ‘नेऊ नकोस रे मागे!’ बोलता येत नाही हे दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

बुडबुड चालू होती. मावशी पालुपद घोळवत होत्या. मग पातेल्याचा सूर बदलला. फत्‌. फत्‌. मावशींनी मान वर केली, आणि वर्षभर हरवलेलं ते कडवं असं आलं, जणू कधी कुठे गेलंच नव्हतं:

“पुरे बाई पुरे आता, गोडी आली अंगी,
उतर खाली चुलीवरून, चल माझ्या संगी.”

“सूनबाई, उतरव!” मावशी म्हणाल्या. पातेलं खाली ठेवल्याचा ठण्ण आवाज मी ऐकला. त्यानंतर मी काहीही ऐकलेलं नाही.

कानसेनने मला उन्हात वाळवलं, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, तीन दुरुस्तीवाल्यांकडे नेलं. तिघांनीही माना हलवल्या; माझ्या जातीचा पडदा आता कुणी बनवत नसावं. शेवटी तो मला सूनबाईंकडे देऊन गेला. त्या दिवशी तो काय बोलला ते मला कळलं नाही, पण बराच वेळ त्याने मला हातातून सोडलं नाही.

तेव्हापासून मी या स्वयंपाकघरात, बरण्यांच्या फळीवर असतो. कान गेले तसा मी नुसतं बघून समजून घ्यायला शिकलो. मावशी त्याच वर्षी गेल्या. पुढच्या हंगामात सूनबाईंनी ओट्यावर मोबाइल ठेवून ते रेकॉर्डिंग लावलं. पातेलं ढवळता ढवळता त्या एका हाताने डोळे पुसत होत्या.

आमच्या ताईसारखं काही टिपायला निघणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. कुणाचं गाणं घ्यायला जाल, तर त्याच्या हातातलं काम थांबवू नका. त्याच्या घरात जे वाजतंय ते वाजू द्या. आणि घरात कुणी गात असेल तर बरण्या थोड्या उशिरा पुसा, ऐकून घ्या. आमच्यासारख्यांच्या भरवशावर राहू नका, आमचा काही नेम नाही.

आज सकाळी पुन्हा फळं चढली. मोबाइल इथे नव्हता, बाहेरच्या खोलीत राहिला होता. मी घाबरलो. आता शेवट कसा कळणार? सूनबाई आपल्या ढवळत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मधेच त्यांनी मान वर केली, डाव बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी पातेलं धरलं.

मला काही ऐकू आलं नाही. पण पातेलं वेळेवर उतरलं.