झाडीतले श्रोते

शुभदाताईंनी झांजेची दोरी बोटांना गुंडाळली आणि एकदा हलकेच वाजवून पाहिली. ओल्या हवेत नाद फार लांब गेला नाही. समोर हिरव्या जाळीचं कुंपण होतं. त्याचं मोठं फाटक पलीकडे झाडीच्या बाजूला सताड उघडं, आणि अलीकडे माणसांसाठी एक लहान दार. झाडी इतकी दाट, की बाहेर उजाडलं तरी तिच्या आत उजाडलं नव्हतं.

"नेहमीसारखंच म्हण, आई," वरुण म्हणाला. त्याच्या हातात फाटकाचा रिमोट होता. "आम्ही इथं नाहीच, असं समज."

"का बरं? कीर्तनाला माणसं असली तर चांगलंच असतं. बसा की सगळे."

मागे वरुणचा साहेब डेस्मंड होता. जनावरांची डॉक्टर प्रणिता होती. मुंबईची, सणासुदीला शुभदाताईंच्याच घरी जेवायला येणारी. आणखी एक गृहस्थ जरा लांब, पायाशी लांबट पिशवी ठेवून, घडीच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्याही मागे एक पांढरी व्हॅन घरघरत उभी होती. आत एसी लावलेला दिसतोय, एवढ्या उकाड्यात जनावराला बरं, असं शुभदाताईंना वाटलं.

परदेशातल्या या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये सकाळी झांज वाजली की वरच्या मजल्यावरून तक्रार यायची. म्हणून त्या रस्ता ओलांडून झाडीजवळच्या बाकावर येऊ लागल्या. मनासारखं गायच्या, आणि जाताना देवापुढची केळी झाडाखाली ठेवायच्या. प्रसाद का कुणी कचऱ्यात टाकतं? मग एक सांबराची मादी यायला लागली. पुढे केळी नसली तरी आली. झांज वाजली की यायची आणि कान पुढे करून उभी राहायची.

"इतकं मन लावून आपल्या देवळातसुद्धा कुणी ऐकत नाही रे," त्यांनी जेवताना कौतुकानं सांगितलं होतं.

वरुणचा घास हातातच राहिला. "आवाजाला येते? नक्की?"

त्या भागातल्या सांबरांचा बंदोबस्त करायचं काम त्याच्या कंपनीकडे होतं. कळप वाढला होता. मध्यंतरी पहाटेच्या अंधारात एक मोटरसायकलवाला सांबराला धडकून जिवानिशी गेला. त्याची मुलगी अजून शाळेतही जात नव्हती. हे कळल्यावर शुभदाताई कितीतरी दिवस झाडीकडे फिरकल्या नाहीत. शेवटी वरुणनेच विषय काढला. तू गा, ती कुंपणात येईल, आम्ही तिला दुसरीकडे नेऊन सोडू.

"तिथं गाड्या नाहीत ना?"

"मुळीच नाहीत, आई."

आता त्यांनी डोळे मिटून नमन केलं आणि पहिला अभंग धरला. आवाज थोडा बसका होता, पण मोकळा. दुसरं कडवं चालू असतानाच झाडीतला अंधार हलला आणि त्यात दोन डोळे चमकले. मादी फाटकापाशी थबकली, जाळी हुंगली आणि आत आली.

"वाह, आंटी," डेस्मंड कुजबुजला. "डोन्ट स्टॉप, हां."

पण शुभदाताई पाणी प्यायला थांबल्या. शेजारी प्रणिता उभी होती.

"इंजेक्शन तूच देणार ना गं? फार दुखेल का तिला?"

"इंजेक्शन नाही, काकू. भुलीचं औषध मांसात उतरतं, मग ते हॉटेलांना विकता येत नाही." प्रणितानं खुर्चीतल्या गृहस्थांकडे मान वळवली. "काळजी करू नका, त्यांचा नेम फार चांगला आहे. तिला कळणारसुद्धा नाही."

शुभदाताईंनी बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही, म्हणून काढून पुन्हा लावलं. व्हॅनच्या दाराखालून थंड वाफ येत होती. प्रणिता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, आणि मग वरुणकडे. तो फाटकाकडे बघत होता.

शुभदाताई उठल्या, पदर खोचला आणि लहान दारानं कुंपणात शिरल्या.

"आई, कुठं चाललीस?"

"जवळ बसते. लांबून तिला नीट ऐकू येत नाही."

त्या ओल्या गवतावर मांडी घालून बसल्या. मादी दोन पावलं मागे सरली, पुन्हा पुढे आली. तिचा श्वास त्यांच्या खांद्याला लागत होता. गृहस्थांनी पिशवीची चेन उघडली होती. ते तसेच थांबले.

"आंटी कॅनॉट सिट इनसाइड, लाह," डेस्मंड म्हणाला. "वरुण, टेल हर."

वरुण जाळीपाशी येऊन उकिडवा बसला. "आई, बाहेर ये. लोक खोळंबलेत."

"कीर्तन चालू असताना उठू नये."

"किती वेळ बसणार आहेस?"

"आत्ता कुठं पूर्वरंग चाललाय."

"त्या माणसाच्या मुलीचा तरी विचार कर."

"रोज करते. तिचं नाव घेऊनच दिवा लावते." त्यांनी झांज सारखी केली. "पण तू मला खरं सांगायचं होतंस. मी काय केलं असतं, ते मलाही कळलं असतं."

शुभदाताईंनी पुढचा अभंग उचलला, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. गात राहायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. आपण इथं बसलो आहोत तोवर हिला कोण हात लावतो?

तेवढ्यात फाटकाबाहेर पानं वाजली. एक दुसरी मादी उजेडात आली. तिच्या पोटाला चिकटून पाडस. त्यांच्या मागे, फांद्या वाटाव्यात अशी, संथ हलणारी शिंगं.

गृहस्थ खुर्चीतून उठले. डेस्मंडनं हात वर करून सगळ्यांना स्तब्ध केलं.

शुभदाताईंचा सूर तुटला. त्यांनी दोन्ही हातांनी झांज आपटली, कानठळ्या बसाव्यात अशी. ही सगळी उधळून जावीत म्हणून. पण ओळखीच्या नादाला सांबरांनी कान टवकारले. मग पाडस आधी निघालं, आणि त्याच्यामागून बाकीची भराभर फाटकाकडे येऊ लागली.

त्यांनी वरुणकडे पाहिलं. त्याचा अंगठा रिमोटच्या बटणावर होता. फाटक आत्ता मिटलं असतं, तर ती सगळी बाहेरच राहिली असती. शुभदाताईंनी मानेनं खूण केली: लाव.

खूण त्याला कळली. लहानपणी तिच्या कीर्तनात पहिल्या रांगेत बसून टाळ धरताना तो याच मानेकडे बघत असे.

"वेट, वेट," डेस्मंड अगदी हळू म्हणाला.

आईच्या चेहऱ्यावर नजर तशीच ठेवून, बटण न दाबताच वरुणनं अंगठा उचलला.