मेल्चोरची पट्टी

पोपायानच्या कॅथेड्रलात मी एकतीस वर्षं मेणबत्त्या, गालिचे आणि बिशपांचे रुसवे सांभाळले. गुरुदीक्षेच्या पट्ट्याही मीच कापायचो. नव्या पाद्र्याच्या तळहातांना बिशप पवित्र तेल लावतात आणि हात पांढऱ्या पट्टीने बांधतात. ती पट्टी मग आईला मिळते. ती वारली की त्याच पट्टीत तिचे हात गुंडाळून पुरायचं, म्हणजे देवाला कळतं, ही पाद्र्याची आई.

फेलिसियानाबाई माझ्याच गावची, डोळ्यांनी आंधळी. पट्टीवाचून मरायचं नाही, हा तिचा हट्ट. थोरला मेल्चोर पाद्री व्हायला निघाला आणि काउका नदी ओलांडताना बुडाला. सोबतच्या धाकट्या गास्परने घरी खोटाच निरोप धाडला, की गास्पर बुडाला. भावाचे कागद नि नाव घेऊन तो सेमिनरीत, पाद्र्यांच्या शाळेत, जाऊन बसला. गावाने गास्परसाठी प्रार्थना केल्या. मी मात्र कॅथेड्रलात पोराला पाहताक्षणी ओळखलं.

"बोलू नका, काका. आई खचेल."

"अरे, देवाला फसवतोस?"

"देवाला सगळं ठाऊक आहे. आईला नाही."

दीक्षेदिवशी बिशपांनी रिवाजाप्रमाणे लोकांना विचारलं, "याच्याविरुद्ध कुणाला काही सांगायचंय?" मी तोंडाला कुलूप लावलं. त्याची लाज अजून वाटते.

मग नाव पुकारलं गेलं. "मेल्चोर!"

"हजर," गास्पर म्हणाला.

"हजर," त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं. बिशपांना वाटलं, घुमट घुमला. आमचा घुमट कधीच घुमत नाही.

गास्पर पांढराफटक पडला. रीतीप्रमाणे तो गालिच्यावर पालथा झोपला, तेव्हा त्याच्या शेजारचा गालिचा भिजत गेला, बरोबर एका माणसाएवढा.

पुढे पट्टी मीच सोडली. एवढं तेल चोळलेलं, पण पोराचे तळहात कोरडे ठणठणीत होते. पट्टी मात्र निथळत होती. तिला तेलाचा वास होता आणि नदीच्या गाळाचाही. तशीच ती मी फेलिसियानाबाईला नेऊन दिली.

तिने ती नाकाशी धरली. मग गास्परच्या उजवीकडे, जिथे कुणीच नव्हतं, तिथे मायेने हात फिरवला.

"किती रे भिजलास, मेल्चोर."

गास्पर हुंदके द्यायला लागला. तिने त्याच्याकडे मान वळवली.

"इतकी वर्षं मी तुझ्यासाठी रडले, गास्पर," ती म्हणाली. "याच्यासाठी कुणीच नाही रडलं."