चौसष्टाव्या पानावरचे चाक

मी एका नव्या पुस्तकाची कच्ची प्रत बोलते आहे. छपाईपूर्वी चुका शोधण्यासाठी जी एकच प्रत काढतात, ती मी. मला मुखपृष्ठ नाही, पुठ्ठा नाही. अंगावर लाल शाईचे दागिने मात्र भरपूर आहेत.

माझा जन्म गारखेड्यातल्या एका छपाईच्या दुकानात झाला. प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व हे विषय मराठीतून शिकवता यावेत, म्हणून सर्जेराव सरांनी मला लिहिले. माझ्यासोबत एक पेटीही महाविद्यालयांत जाणार होती. तीत जुन्या वस्तूंच्या मातीच्या प्रतिकृती होत्या, वर्गात हाताळण्यासाठी. मला तपासण्याचे काम सरांची विद्यार्थिनी अपेक्षा हिच्याकडे आले. ती एम.ए.ला आहे आणि स्वल्पविरामावरही सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

माझ्या चौसष्टाव्या पानावर खापराच्या एका भोक पाडलेल्या चकतीचे चित्र आहे. त्याखाली सरांचे वाक्य होते : 'मुलांच्या खेळण्यातील गाडीचे चाक.' पंधरा वर्षे सर वर्गात हेच सांगत आले होते. अपेक्षाचा लाल पेन त्या वाक्यावरून अदबीने पुढे गेला.

तिची शंका वेगळीच होती. चकती जिथे सापडली ते टेकाड शेंद्र्याच्या पूर्वेला की ईशान्येला? छपाईला दोन दिवस उरले असताना तिने मला आणि चकतीच्या प्रतिकृतीला पिशवीत घातले आणि बस पकडली. प्रतिकृतीचा रंग तिथल्या मातीशी ताडून पाहावा, हाही हेतू होता.

टेकाडावर मेंढरे चरत होती. राखणीला बसलेल्या पारूबाई, होकायंत्र घेऊन गोल फिरणाऱ्या अपेक्षाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"काय हरवलं का गं?"

"नाही मावशी, दिशा बघतेय."

"एवढी शिकल्याली, अन् दिस कुठून उगवतो ते डबीला इचारतीस व्हय?"

अपेक्षा हसून शेजारी टेकली. पारूबाईंनी मला मांडीवर घेतले. त्यांना अक्षरे येत नव्हती. चित्रे मात्र त्या सावकाश पाहत गेल्या. चौसष्टाव्या पानावर त्यांचे बोट थांबले.

"ही चातीची चकती कुणाची?"

"ते चाक आहे, मावशी. खेळण्यातल्या गाडीचं."

"नाय गं. लोकर कातायची चाती असती ना, तिची. माझ्या आजीची अशीच व्हती, खापराची."

अपेक्षाने प्रतिकृती पुढे केली. पारूबाईंनी तिच्या भोकात एक काडी घट्ट बसवली, काटेरी कुंपणाला अडकलेली लोकर ओढून घेतली आणि काडीला पीळ दिला. चकती भिरभिरली. पाहता पाहता धागा निघाला. अपेक्षाने पुन्हा करायला लावले, आणि पुन्हा.

"आता काय मेंढरू भादरू का तुझ्यासाठी?" पारूबाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये लाल पेन चार वेळा उघडला आणि चार वेळा मिटला. सरांना चूक कसे म्हणायचे? आणि न म्हणावे, तर माझ्या पाचशे प्रती तीच चूक घेऊन वर्गावर्गांत जाणार होत्या.

दुसऱ्या दिवशी ती थेट सरांच्या खोलीत गेली. तिने मला सरांच्या टेबलावर उघडे ठेवले आणि चाती फिरवली. धागा दोनदा तुटला, तिसऱ्यांदा टिकला. सर चष्मा काढून पाहत होते.

"हे कुणी दाखवलं?"

"शेंद्र्याच्या पारूबाईंनी, सर. मेंढरं राखतात."

सर हसायला लागले. "म्हणजे पंधरा वर्षं मी गाडी हाकतोय, अन् तिला चाकच नव्हतं म्हण की." त्यांनी ते वाक्य स्वतः खोडले. "सांग, काय लिहू?"

"'बहुधा कातण्याच्या चातीची चकती.' बहुधा राहू द्या, सर. सगळ्याच चकत्या आपण फिरवून पाहिलेल्या नाहीत."

"आणि पारूबाईंचं नावही घाल."

पुस्तक छापून झाले. आता पेटीतल्या चकतीसोबत एक काडी आणि थोडी लोकरही जाते. पहिली प्रत पारूबाईंना वाचून दाखवताना मी पिशवीत होते.

"बहुधा म्हंजी?"

"म्हणजे असावी, मावशी."

"असावी काय? म्या कातून दावली की."

सध्या माझा मुक्काम विभागाच्या कपाटात, नव्या प्रतींच्या मागे आहे. त्यांच्यात ती चूक नाही. ती फक्त माझ्याकडे आहे, सरांच्या हाताने खोडलेली. कपाट आवरताना कधी मी हाती लागले, तर रद्दीत टाकण्यापूर्वी चौसष्टावे पान उघडा. तिथे लोकरीचा एक धागा आहे. शेजारी अपेक्षाची लाल नोंद आहे : 'कातणार पारूबाई, शेंद्रा. लांबी सव्वीस सेंटीमीटर.'

तिथे मात्र तिने 'बहुधा' लिहिलेले नाही.