आप्पांचे पायमोजे

माझ्या वडिलांचं, आप्पांचं नाव रवळू. बेळगुंदीत दोन एकर माळ, त्यात रताळी, आणि पंचाहत्तर वर्षांत चप्पलसुद्धा नाइलाजानंच घातलेली. आई गेली त्या वर्षी मी त्यांना शहरात, माझ्या टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये आणलं, जमीन शेजारच्या मष्णूला वाट्यानं दिली, आणि फरशी गार लागते म्हणून सहा जोड पायमोजे आणले. "पायात पिशव्या घालून माणूस चालतंय व्हय गं, रूपा?" असं म्हणत म्हणत ते घालायचे. भेटेल त्याला सांगायचे, पोरगी डाक्टरीण हाय. मी औषध देणारी डॉक्टर नाही, मेंदूवर संशोधन करते, हे मी त्यांना दहादा सांगितलं आणि मग सोडून दिलं.

माझा विषय थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग झाला, दातात, लघवीत, पायाच्या जखमेत, की तिथे दाह होतो. त्या दाहाची खबर रक्तातून मेंदूला पोचते आणि मेंदूतल्या राखणदार पेशी खवळतात. तरुण माणसाला नुसती मरगळ येते. म्हाताऱ्या माणसाचं मात्र एका दिवसात भान सुटतं, कधी कधी ताप नसतानाही. घरचे म्हणतात, वय झालं. 'वय एका दिवसात होत नाही,' हे माझं व्याख्यानातलं आवडतं वाक्य. बारा वर्षं उंदरांवर काम करून मी ते कमावलंय.

मागच्या भाद्रपदात मला आप्पांची स्मरणशक्ती तपासायची हुक्की आली. तीस गुणांची चाचणी असते. आपल्या घरच्या माणसाची आपण घेऊ नये हे आमच्यातलं साधं पथ्य, पण माझा उत्साह दांडगा.

"आप्पा, आज तारीख काय?"

"भादव्यातली एकादस. पाच दिसांनी घट बसत्यात. रताळी काढाय पायजेत."

"ती नव्हे हो. इंग्रजी तारीख."

"ती तुझ्या क्यालेंडरात बघ की."

मी शून्य दिलं. इंग्रजी महिना सांगितला नाही, शून्य. चौथी शिकलेल्या माणसाला एकात एक अडकलेले दोन पंचकोन काढता आले नाहीत, त्यालाही शून्य. बेरीज एकोणीस झाली. पाच दिवसांवरचा घट आणि माळावरची रताळी ज्याला एका दमात आठवत होती, त्याच्या नावापुढे मी 'स्मृतिभ्रंशाची सुरुवात' असं लिहिलं. वर हुकूम सोडला की आता एकट्यानं बेळगुंदीला जायचं नाही.

"का?"

"हरवलात तर?"

"बेळगुंदीच्या वाटंवर?" ते हसले. मग माझा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. त्या वेळी मी फार रागावले होते. कशावर, ते आता आठवायला गेले तरी सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेल्यावर ते बसनं बेळगुंदीला गेले. कुठेही हरवले नाहीत. मष्णूबरोबर रताळी काढताना कुदळ डाव्या पायाच्या बोटांवर बसली. त्यांना साखरेचा त्रास, त्यामुळे पायाला दुखणं कमीच कळायचं. मष्णूनं जखमेत हळद दाबली, चिंधी बांधली आणि बसमध्ये बसवून दिलं. "रूपाला सांगू नगंस," आप्पा त्याला म्हणाले, "रागावती." घरी येऊन त्यांनी पायमोजा चढवला, आणि मी संध्याकाळी आले तेव्हा ते टीव्हीसमोर बसले होते. हे सगळं मला मष्णूनं नंतर सांगितलं, दवाखान्याच्या बाकावर, मान खाली घालून.

घट बसले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गॅलरीत बसून हवेतलं काहीतरी उपटत होते. दोन्ही हातांनी, नेटानं, रताळ्याचे वेल ओढावेत तसं. मला बघून म्हणाले, "तुझी आई न्याहारी घेऊन आली न्हाय अजून?" आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अंबुबाई पोळपाट तसाच टाकून बाहेर आल्या. "ताई, कालपातूर बरे हुते की! अंग कढत लागतंय. आन् पायमोज्याला लई वास मारतोय. मला काढू देईनात."

"म्हातारपण आहे ते, अंबुबाई. हे असं वाढतच जाणार."

"एका दिसात?"

मी घड्याळात बघितलं. मला निपाणीला पोचायला उशीर होत होता. वहीत मी 'पुढची पायरी' असं लिहिलं, तारीख टाकली आणि निघाले. आजाराला मी आधीच नाव देऊन बसले होते. एकदा नाव दिलं की माणूस बघायचं थांबतो.

निपाणीत त्या दिवशी आजूबाजूच्या डॉक्टरांसमोर माझं व्याख्यान होतं. विषय तुम्हाला कळलाच असेल. चाळीसेक डॉक्टर होते, मराठी, कानडी, दोन्ही. मी उंदरांच्या मेंदूचे फोटो दाखवले, मग माणसांचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा टिळकवाडीत गॅलरीत बसला होता, आणि मी पडद्यावर एका अनोळखी म्हाताऱ्याचा सुजलेला पाय दाखवत होते.

शेवटी पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "मॅडम, खेड्यात ना रक्ततपासणी, ना स्कॅन. म्हातारा काल बरा होता, आज बडबडतोय. मी सुरुवात कुठून करू?"

"पायापासून करा," मी ऐटीत म्हणाले. "आधी पायमोजे काढून बघा."

लोक हसले, टाळ्या पडल्या. सकाळचे अंबुबाईंचे शब्द त्या टाळ्यांमध्ये मला पहिल्यांदा ऐकू आले.

मी व्यासपीठावरूनच फोन लावला. "अंबुबाई, आप्पांचे पायमोजे काढा. ओरडले तरी काढा." फोन त्यांनी बाजूला ठेवला असावा. आप्पांचा आवाज आला, भांडं पडल्याचा आला. मग अंबुबाई नुसत्या एवढंच म्हणाल्या, "ताई, लवकर या."

शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात न्यायला सांगून मी निघाले. संकेश्वर मागे पडेपर्यंत मी रडले नाही. तिथून पुढे मात्र गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली.

दोन बोटं काढावी लागली. विष रक्तात उतरलं होतं. आप्पा बावीस दिवस दवाखान्यात होते आणि वाचले. "दोन दिवस आधी आणलं असतं तर..." असं म्हणून तिथला तरुण डॉक्टर थांबला. मी कोण, हे त्याला मध्येच आठवलं असणार. माझा लेख त्यानं वाचला होता.

जखम भरली, भान मात्र पुरतं परतलं नाही. तेही माझ्या लेखात आहे. दाह विझला तरी काही मेंदूंतल्या राखणदार पेशी शांत होत नाहीत, आपल्याच घराची नासधूस करत राहतात. 'हे निरीक्षण रंजक आहे' असं मी तिथे लिहिलंय. तो शब्द आता खोडता येत नाही.

आप्पा आता घरीच असतात. चाचणी मी पुन्हा घेतलेली नाही. पायमोजे सगळे टाकून दिले. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर पाटावर बसते, की ते ओळखीचं हसतात आणि डावा पाय आपणहून पुढे करतात. दवाखान्यात रोज मलमपट्टीला कुणीतरी यायचं, त्यांच्या लेखी त्यांतलीच मी एक.

"बघा बाई, पाय बघा," ते म्हणतात. जन्मभर मला 'अगं रूपा' म्हणणारा माणूस मला अहोजाहो करतो.

मी पाय मांडीवर घेते. टाच, तळवा, उरलेली तीन बोटं, सगळं नीट बघते. तेव्हा बघायला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं.

काल ते पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "बाई, आमची पोरगी बी डाक्टरीण हाय. लई मोठी. तिला ह्यातलं काय सांगू नगासा हं. रागावती ती."

"न्हाय सांगत," मी म्हणाले.