रविवारच्या पावाची हंडी

मी एक बिडाची हंडी बोलतेय. झाकणासकट. एका हाताने उचलायला जाल तर मनगट लचकेल, आधीच सांगून ठेवते. रंग काळा, रूप बेताचं, पण एकदा तापले की तासभर तरी कुणाला हात लावू देत नाही, असा माझा स्वभाव.

ओतकामाच्या कारखान्यात वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. वितळलेलं बीड लालभडक होऊन आत आलं आणि गार होता होता त्याची मी झाले. कानशीने कडा घासल्या, तेल चोळलं, आणि दुकानाच्या सगळ्यात खालच्या फळीवर माझी रवानगी झाली. वरची फळी माझ्या वजनाने वाकली असती म्हणे.

नवं लग्न झालेलं एक जोडपं मला न्यायला आलं.

"एवढी जड? तुला उचलेल का ही?" नवऱ्याने विचारलं.

"तू आहेस की उचलायला," ती म्हणाली.

अशी मी त्यांच्या घरी गेले. घरात माणसं तीनच. मुलगा, त्याची बायको आणि मुलाचे वडील. त्या बायकोला सूनबाई आणि वडिलांना बाबा असंच मी आजवर म्हणत आलेय. बाबांचं सलून होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या दाढ्या केल्या, केस कापले. मुलगा शाळेत असतानाच त्यांची बायको वारली होती. दुकानात म्हणे त्यांची जीभ कात्रीहून जास्त चालायची, पण घरात मात्र चहा झाला का, एवढंच बोलायचे. सूनबाई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची आणि घाबरलेल्या पेशंटचा हात धरून उभं राहायची.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. माझ्यात रस्से शिजायचे. मग मुलाला कंपनीने दुसऱ्या शहरात पाठवलं. आधी रोज फोन यायचा, मग एक दिवसाआड, मग आला तर आला. एका संध्याकाळी मी गॅसवर होते आणि सूनबाई फोन कानाला लावून माझ्यासमोर उभी होती. तो पलीकडून काय सांगत होता ते मला ऐकू येत नव्हतं. तिने एकदाच विचारलं, "कधीपासून?" त्यानंतर ती नुसती ऐकत राहिली. माझ्या तळाशी रस्सा करपला, धूर झाला, तरी तिला वास आला नाही. शेवटी बाबांनीच येऊन गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. बाबा दारात उभे.

"कुठे जाणार?"

"बघते. भावाकडे जाईन."

"भावाच्या घरी त्यांनाच पाय पसरायला जागा नाही. हे बघ पोरी, ज्याला जायचं होतं तो गेला. तू कशाला जातेस?"

"लोक काय म्हणतील, बाबा?"

"लोकांच्या दाढ्या मी आयुष्यभर केल्यात. काय म्हणतात ते मला पाठ आहे. बॅग आत ठेव."

तिने बॅग आत ठेवली. पण तिचं जेवण तुटलं. ओट्याशी उभ्याउभ्या दोन घास खायची, की झालं. मलाही कुणी विचारेना. सिंकखालच्या अंधारात, फिनेलच्या बाटलीशेजारी माझी जागा झाली. अंगावर गंजाचे ठिपके आले.

एकदा ती दवाखान्यातून आली आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, आमच्या दवाखान्याशेजारची बेकरी बंद झाली. तिथे फ्रेंच पाव मिळायचा. वरून कडक, आतून जाळीदार. दुपारच्या सुट्टीत अर्धा घ्यायचे. मोडताना असा आवाज यायचा ना, त्यानेच भूक लागायची. आता तेही गेलं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेल्यावर बाबांनी पिशवीभर मैदा आणला, यीस्टची पुडी आणली आणि डब्यात, पातेल्यात, जे हाताला लागेल त्यात, घरच्या ओव्हनमध्ये पाव भाजायला सुरुवात केली. पाव भाजणं म्हणजे काय हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. पहिला पाव बाहेर आला तो पाटा म्हणून वापरता आला असता.

सूनबाईने तो टेबलावर ठोकून पाहिला. "बाबा, दवाखान्यात पेशंट कमी झालेत, असं मी म्हणाले होते का तुम्हाला?"

बाबांना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांना जे हसू फुटलं ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना पाहून तीही हसली. सिंकखाली मी ते ऐकलं. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं!

दुसरा पाव मऊ झाला, स्पंजासारखा. तिसराही तसाच. मग बाबांनी त्या बंद पडलेल्या बेकरीच्या मालकाला शोधून काढलं. तो त्यांचं जुनं गिऱ्हाईक निघाला. त्याचे गुडघे गेले होते, म्हणून त्याने धंदा सोडला होता. तो घरी आला तेव्हा बाबांनी आधी त्याला खुर्चीत बसवून त्याची दाढी केली आणि तोंडाला साबण असतानाच विचारलं, "ते कडक कवच कसं आणायचं, बोल."

"साल कडक हवी तर आधी ती ओली राहायला हवी," पाववाला म्हणाला. "आम्ही भट्टीत वाफ सोडायचो. घरी जड झाकणाचं भांडं घ्यायचं. आधी रिकामंच तापवायचं, चांगलं सणसणीत. मग गोळा आत सोडून झाकण लावायचं. पिठातल्याच पाण्याची वाफ आत कोंडते. अर्ध्यावर झाकण काढलं की रंग धरतो. आणि पीठ रात्रभर पडू दे. घाई केलीस तर चव येत नाही. वरून ब्लेडने चीर दे, नाहीतर कुठेही फाटतो."

"चीर कशी द्यायची ते मला नको शिकवू," बाबा म्हणाले, आणि पाववाल्याच्या हनुवटीवरून वस्तरा फिरवला.

त्याच दिवशी मी सिंकखालून बाहेर आले. बाबांनी मला मिठाने घासलं, गंज काढला, तेल चोळून ओव्हनमध्ये ठेवलं. रविवारी सकाळी मी आतून बाहेरून अशी तापले की पिठाचा गोळा पडताच 'स्स' झालं. बाबांनी जुन्या वस्तऱ्याने एक तिरपी चीर दिली, मनगट न हलवता, आणि झाकण लावलं. माझ्या पोटात अंधारात तो गोळा घामेजला, फुगला, चिरेतून उमलला. झाकण निघालं तेव्हा तो फिकट होता. मग हळूहळू त्याला मधासारखा रंग चढला, कडा तपकिरी झाल्या.

बाबांनी पाव जाळीवर ठेवला. आणि तो बोलायला लागला. गार होताना सालीला बारीक बारीक तडे जातात, त्यांचा तो आवाज. तड, तड, तडतड. सूनबाई केस पुसत न्हाणीघरातून आली आणि जागच्या जागी थांबली.

"कापू?" तिने विचारलं.

"गरम पाव कापत नाहीत. आत चिकट राहतो. बस."

दोघं टेबलाशी बसून राहिले. गार झाल्यावर तिने सुरी घेतलीच नाही, हाताने टोक मोडलं. टेबलभर चुरा सांडला. ती खात गेली. अर्धा पाव संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाबांनी अजून तुकडाही घेतलेला नाही.

त्यानंतर दर रविवारी पाव. तो गार होईपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून दोघं बोलायला लागले. ती दवाखान्यातल्या गमती सांगायची. बाबा गिऱ्हाइकांच्या नकला करायचे. एकदा ती नवऱ्याबद्दल खूप कडवट बोलली, मनातलं सगळं बाहेर काढलं. बाबांनी एका शब्दानेही मुलाची बाजू घेतली नाही. नुसतं टोक मोडून तिच्यापुढे सरकवलं.

घटस्फोटाच्या सह्या होऊन बरेच महिने झाल्यावर, असाच पाव जाळीवर असताना, मुलगा आला. सूनबाईने पाण्याचा पेला ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. दार पूर्ण लागत नव्हतं.

"बाबा, आम्हाला मूल होणार आहे," तो म्हणाला. "तुम्ही तिकडे चला. आम्ही दोघंही कामावर जातो. बाळाजवळ घरचं माणूस हवं."

"आणि हिचं काय?"

"ती शहाणी आहे. करेल काहीतरी."

बाबांनी पाव जाळीवरून उचलला. मग त्यांनी तो पंच्यात गुंडाळला. "हा घेऊन जा. तुझ्या बायकोला दे. तिला सारखी भूक लागत असेल. मी नाही येत."

त्या दिवशी आमच्या टेबलावर पाव नव्हता. दोघांनी कालचं उरलेलं खाल्लं.

मुलगी झाली. फोनवर तिचा फोटो आला. बाबा माझ्याशेजारी, ओट्याला टेकून, तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायचे. आधी डोळे, मग नाक, मग मूठ. कुणी आलं की फोन खिशात. सूनबाईने हे पाहिलं होतं. एका दुपारी बाबा बाहेर गेले असताना तिने ओट्याशी उभं राहून फोन लावला. "डॉक्टर, दुसऱ्या गावातल्या तुमच्या नव्या दवाखान्यात जायला कुणी तयार नाही म्हणालात ना? मी जाते."

संध्याकाळी बाबांना मात्र तिने वेगळंच सांगितलं. "माझी बदली झालीय, बाबा. नाही म्हणता येणार नाही. तुम्ही एकटे इथे काय करणार? बाळाकडे जा."

बाबांनी विचारलं, "खोली हवेशीर आहे का?"

"आहे."

"मग जा, पोरी. ही हंडी ने."

"माझ्या खोलीत ओव्हन नाही. तुम्हीच न्या. बाळाला दात येताना पावाची कड चावायला द्या. बरं वाटतं त्यांना."

मी बाबांबरोबर मुलाच्या घरी गेले. तिथली सून मनाने चांगली होती. कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची, दमून यायची, तरी बाबांना गरम वाढायची. बाबा आणि मुलगा यांच्यात मात्र दूध संपलं, पाणी आलं, यापलीकडे बोलणं नव्हतं. नातीला दात यायला लागले तेव्हा बाबांनी खरंच पावाची कड तिच्या मुठीत दिली. ती पोर लाळ गाळत, गुरगुरत ती कड अशी चावायची की बाबा हसून हसून बेजार.

दर रविवारी पाव जाळीवर आला की ते सूनबाईला फोन लावायचे. फोन पावाजवळ धरायचे. "ऐक." मग कानाला लावून, "जेवलीस का? पोटभर? बरं. मी? मी मजेत. इथे मला सोडतंय कोण!" फोन ठेवला की ते कितीतरी वेळ माझ्या झाकणावर हात ठेवून बसायचे.

एका शनिवारी त्यांनी नेहमीसारखं पीठ भिजवून झाकून ठेवलं. रविवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले. घरात माणसांची ये-जा सुरू झाली. पीठ आपलं फुगतच राहिलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी ते भांड्याच्या काठावरून ओट्यावर उतरलं तेव्हा त्या घरची सून स्वयंपाकघरात आली. तिने दोन्ही हातांनी ते गोळा केलं आणि आता याचं काय करायचं हे न कळून ती तशीच उभी राहिली.

सूनबाईला कुणी कळवलं नाही. तो रविवार गेला, पुढचाही फोनविना गेला, तेव्हा तिनेच फोन लावला. तो त्या घरच्या सुनेने उचलला.

सूनबाई आली ती मुलगा कामावर असताना. दोघी ओट्याशी उभ्या. चिमुरडी आईचा पाय धरून बघत होती.

"तुम्हाला आधी कळवायला हवं होतं," त्या घरची सून म्हणाली. "मी यांना म्हटलं होतं. यांना धीर झाला नाही."

सूनबाईने मान हलवली. "बाबा खुशीत होते ना इथे? फोनवर तरी तसंच वाटायचं."

त्या घरच्या सुनेने मुलीला कडेवर घेतलं. मग म्हणाली, "खोटं नाही सांगत. त्यांना इथे करमायचं नाही. नातीत जीव होता, पण बाकी नाही. मी एकदा विचारलं, बाबा, मग परत का जात नाही? तर म्हणाले, 'बदलीबिदली काही नव्हती. ती माझ्यासाठी गेलीय. मी रमलो नाही असं तिला कळलं, तर तिचं जाणं फुकट जाईल.'"

"त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

सूनबाईने माझी कड धरली. इतकी घट्ट की तिची बोटं पांढरी पडली. "आणि मी," ती म्हणाली, "दर रविवारी त्यांना सांगायचे, पोटभर जेवले म्हणून."

 निघताना त्या घरच्या सुनेने मला चादरीत गुंडाळलं. जिना उतरताना एक कडी तिने धरली, एक सूनबाईने.

आता मी सूनबाईच्या खोलीत असते. ती मला तेल लावते, गंज चढू देत नाही. परवा तिने ओव्हन आणला. लहानसा, खोलीत बसेल असा. मोठ्या आशेने तिने मला उचललं आणि आत सरकवलं. मी मावले नाही. झाकण काढून पाहिलं, आडवी करून पाहिलं. मग ती मला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि बाबा गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. भिजवलेलं पीठ तसंच राहिलं.

तुमच्यापैकी कुणाकडे माझ्या मापाचा ओव्हन असेल, तर एखाद्या रविवारी तिला घरी बोलवा. पीठ ती मळून आणेल, मला ती उचलून आणेल. तुम्हाला काही करायचं नाही. पाव जाळीवर आला की तो गार होईपर्यंत तिच्याजवळ बसा. तेवढा वेळ तिला एकटीने काढता येत नाही.