वरचा वर्ग

ज्यू समाजाच्या सिनेगॉगमागच्या सभागृहात रविवारी दुपारी हिब्रूचे दोन वर्ग भरत. मध्ये प्लायवुडची भिंत. एका बाजूला लहान मुलांचा वर्ग, दुसऱ्या बाजूला मोठ्यांचा. त्याला 'वरचा वर्ग' म्हणत. पडदे शिवून देणाऱ्या आत्यांना (सगळा समाज त्यांना आत्याच म्हणे) कुठे बसायचंय, हे कुणी विचारलं नाही. सिनेगॉगच्या चिटणिसांनी प्रार्थनेच्या पुस्तकाचं एक पान पुढे केलं, आत्यांनी ते न अडखळता वाचलं आणि त्या वरच्या वर्गात गेल्या.

समाजात असे वाचणारे पुष्कळ होते. अक्षरं लहानपणी वडिलांच्या मांडीवर गिरवलेली, प्रार्थना तोंडपाठ, चाली पक्क्या. अर्थ देवाला ठाऊक. देवाशी बोलायला तेवढं पुरायचं, नातीशी बोलायला पुरेना.

मुलगा इस्राएलमध्ये स्थायिक झालेला, सून तिथलीच, घरात हिब्रू. फोनवर नात भडाभडा बोलायची आणि मुलगा मराठीत सांगायचा, "शाळेचं काहीतरी सांगतेय, आई." आत्यांना नेमकं ते 'काहीतरी' हवं होतं. तिकडे आजीला 'सवता' म्हणतात हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे नावातच वेगळं काढलंय मला." सुट्टीत नात येणार होती. तोवर तिच्याशी आपलं आपण बोलता यावं, मध्ये मुलगा नको, एवढ्यासाठी आत्या मशीन झाकून वर्गाला जायच्या.

वरच्या वर्गात तिकडून आलेल्या तरुण बाई तिथल्या गाण्यांवर हिब्रूत बोलत. मराठी त्यांना येत नव्हती. आत्यांनी अर्थ विचारला की चिटणीस मध्ये पडून बाईंना इंग्रजीत सांगत, यांना सगळं येतं, लाजतात. भिंतीपलीकडे मुलं चित्रांवर बोट ठेवून एका सुरात ओरडत, "मा झे? मा झे?" म्हणजे, हे काय? वर्षभरात आत्या जे शिकल्या ते एवढंच, आणि तेही भिंतीतून.

शेवटी त्यांनी चिटणिसांना गाठलं. मला पलीकडे बसवा म्हणाल्या; पाणी, चप्पल, ये, बस, एवढं आलं तरी माझं भागेल. वर्गाला पैशाची मदत करणारे पाहुणे इस्राएलहून येणार होते आणि वरचा वर्ग भरलेला दिसला तरच मदत चालू राहणार होती. चिटणीस हे बोलले नाहीत. ते म्हणाले, "या वयात पोरांत बसणार? लोक हसतील, आत्या."

"हसू देत. माझी नात तर हसणार नाही ना."

चिटणिसांनी हसून विषय बदलला आणि कार्यक्रमात वाचायचं पान त्यांच्या हातात ठेवलं.

कार्यक्रमाला नात पहिल्या रांगेत होती. येऊन दोन दिवस झाले होते, अजून बुजलेली होती. तरुणांनी हात धरून गोलात इस्राएली नाच केला, मग आत्या उभ्या राहिल्या. अख्खं पान त्यांनी खणखणीत वाचलं. नातीचं तोंड उघडंच राहिलं. आजीला आपली भाषा येते! वाचन संपताच ती धावत आली, आजीचा हात धरला आणि साठवलेलं सगळं बोलत सुटली.

आत्यांनी हसून तिच्या केसांवरून हात फिरवला. मुलगी थांबली. तिने पुन्हा काही विचारलं, मग तेच हळू आवाजात. आत्या नुसत्या हसत राहिल्या. मुलीने हात सोडवून घेतला.

"काय म्हणते?" आत्यांनी मुलाला विचारलं.

"काही नाही, आई. दमलीय."

"खरं सांग."

मुलगा खाली बघत म्हणाला, "म्हणतेय, सगळ्यांशी बोललीस, मग माझ्याशीच का बोलत नाहीस."

तेवढ्यात चिटणीस पाहुण्यांना घेऊन आले. ह्या आमच्या वरच्या वर्गाचा अभिमान, असं काहीसं त्यांचं चाललं होतं. आत्यांनी त्यांना मध्येच थांबवलं. "यांना सांगा, मी वाचलं त्यातलं मला काही कळलं नाही. वर्षभर तुम्हाला हेच सांगत होते."

चिटणीस पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, फार विनम्र आहेत. पाहुण्यांनी कौतुकाने माना हलवल्या.

त्या माना हलताना बघून आत्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. त्या मुलाला म्हणाल्या, "आजवर तू मला नेहमी अर्धंच सांगत आलास. आज यांना माझं पूर्ण सांग. मला बोलायला शिकायचं होतं, चिटणिसांनी मला दाखवायला ठेवलं. आणि माझ्या नातीला वाटतंय, मी तिच्याशी अबोला धरलाय."

मुलाने चिटणिसांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि हिब्रूत सगळं सांगितलं. पाहुणे आता चिटणिसांकडे बघत होते. तरुण बाईंनी कपाळाला हात लावला. नातही ऐकत होती.

आत्या भिंतीपलीकडे गेल्या आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे सावरत बसल्या. नात दारात येऊन उभी राहिली, राग अजून नाकावर. आत्यांनी आपल्या चपलेकडे बोट केलं.

"मा झे?"

मुलीने तुटकपणे एक शब्द सांगितला. आत्या चुकल्या. तिने तो पुन्हा सांगितला, जरा जवळ येऊन. आत्या पुन्हा चुकल्या, तेव्हा तिने त्यांची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली आणि आपले ओठ कसे हलतात ते दाखवलं.

सभागृहातून चिटणिसांची हाक आली, वरच्या वर्गाने फोटोला यावं. आत्या उठल्या नाहीत.