मशीन थांबलं तर छाप

बाईंच्या दप्तरांच्या कारखान्यात बाईंनी लिहिलेलं पुस्तक तपासायची एक रीत होती. दप्तर तपासताना दोन्ही हातांनी बंद ओढून बघतात. पुस्तक तपासताना बाई शिलाई मशीनच्या रांगांमधून फिरत मोठ्यांदा वाचायच्या. पान रटाळ असलं की मशीनं खडखड पळायची. पान जमलं की एकेक पाय पायट्यावरून उचलला जायचा आणि मशीन थांबायचं.

"मशीन पळालं, पान गेलं!" कापड कापणारे मामा ओरडायचे आणि कात्री पुढे करायचे.

अशी काटछाट होत होत सत्तरी ओलांडलेल्या बाईंचं पहिलं पुस्तक तयार झालं होतं. निर्वासितांच्या छावणीत अंगावरचे फ्रॉक उसवून दोघी बहिणींनी पिशव्या कशा शिवल्या, तिथे सामान सगळ्यांकडे होतं पण ठेवायला कुणाकडेच काही नव्हतं म्हणून त्या कशा हातोहात खपल्या, पिशव्यांची दप्तरं कशी झाली, सगळं लिहून झालं होतं. राहिली होती ती सीमा ओलांडल्याची सकाळ. तिथे घोडं अडलं होतं ताईंपाशी.

बाईंची ही थोरली बहीण शेवटच्या मशीनवर बंद शिवायची. त्या सकाळबद्दल ताईंनी जन्मात चकार शब्द काढला नव्हता. बाईंनी ती छापू का विचारलं तेव्हा म्हणाल्या, "वाचून दाखव. माझं मशीन थांबलं तर छाप. नाही थांबलं तर घाल चुलीत."

"अगं ताई, मग पुस्तकात उरेल काय?"

"धंदा कसा करावा ते. लोकांना तेच हवं असतं."

आज प्रकाशक पानं न्यायला येणार होता. बाईंनी घसा खाकरला. "'वियोगाचा अथांग सागर आमच्या बालमनात उसळत होता...'"

खडखडखडखड! सगळी मशीनं उधळली.

"बाई, सागरात नका हो उतरवू," चष्मेवाली कारागीर म्हणाली, "आम्हाला पोहता येत नाही."

"'क्रूर नियतीने...'"

"गेलं पान!" मामांनी कात्री वाजवली.

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी पानांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "बरं बाबांनो, ऐका. गाठोडं दिसलं तर शिपाई हिसकावतील, म्हणून आईनं घरातले होते नव्हते तेवढे फ्रॉक आमच्या अंगावर एकावर एक चढवले. दोघींची झाली पोती! हात खाली येईनात. नाक खाजवायचं तर एकमेकींचं!"

एक मशीन थांबलं. मग दुसरं.

"आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून आई मागेच राहिली. वरचं बटण लावताना म्हणाली, निघा आता, आणि वाटेत भांडू नका."

आता एकच मशीन चालू होतं. ताईंचं. मान खाली, सुई वरखाली.

बाई रेटत राहिल्या. "पुढे उतार होता. माझा पाय घसरला आणि मी चेंडूसारखी गडगडत थेट पहारेकऱ्याच्या..."

खट्.

ताई उठून उभ्या राहिल्या होत्या. "पाय घसरला? कुणाचा गं? मी ढकललं तुला!"

"काय?"

"'आईला सोडून येणार नाही' म्हणून बसलीस भोकाड पसरून! किती समजावलं! शेवटी दिलं ढकलून. तू त्याच्या पायांत, तो पालथा, बंदूक झुडपात, आणि तुमच्या दोघांवर मी!" ताईंना बोलवेना, त्यांनी मशीनच धरलं. "लोकांना वाटतं, या आता रडतील. मला आठवलं की हसू फुटतं गं! म्हणून तर तोंड मिटून बसले."

"ढकललेलं मला कसं नाही कळलं?"

"एवढ्या फ्रॉकांतून काय कळणार, कपाळ!"

मामा कात्री टाकून खाली बसले. चष्मेवालीचा चष्मा ओला झाला. बाई हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाही कळेना. "छापू ना मग?"

"छाप. पण ढकललं मी, हे ठळक लिही. आणि कसं ढकललं ते नीट बघून घे, परत चुकशील." ताईंनी बाईंना दप्तरांच्या स्पंजाच्या ढिगाकडे वळवलं. रांगांमधून पायटे ताल धरू लागले, कुणीतरी जुळवलंसुद्धा:

गडगड गेली धाकली बाई,
मागून ढकलते थोरली ताई!

दारात प्रकाशक उभा होता. ढिगातून दोन म्हाताऱ्यांचे चार पाय हवेत हलत होते.

"पानं... तयार आहेत का?"

"थांबा हो जरा," ढिगातून ताईंचा आवाज आला, "अजून एकदा ढकलते, मग देते."